ट्रेलरच्या पत्र्याला येणारी वीज आणि जमिनीत ठोकलेला रॉड

आपण लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. आपण टेक्सासमध्ये एक वापरलेला, ३० अँपिअरचा ट्रॅव्हल ट्रेलर विकत घेतला आणि घरासमोर उभा करून अ‍ॅडॅप्टर लावून गॅरेजमधील सॉकेटला जोडला. तेथील जीएफसीआय (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारे सुरक्षा उपकरण) वारंवार ट्रिप होऊ लागल्याने आपण एक्स्टेन्शन कॉर्डने घरातील एका जुन्या सॉकेटमधून वीज घेतली. त्यानंतर ट्रिप होणे थांबले. परंतु पाऊस पडून गेल्यावर दाराच्या कडीला हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या, आणि अनवाणी आलेल्या आपल्या मुलीला जोराचा झटका बसला. नागपूरहून आलेले आपले वडील निवृत्त विद्युत पर्यवेक्षक आहेत. त्यांनी ट्रेलरच्या चॅसीला (खालच्या धातूच्या सांगाड्याला) तांब्याची तार बांधून आठ फुटी अर्थ रॉड ठोकावा असे सुचवले आहे. तसे करावे का, असा आपला प्रश्न आहे.

रॉडच्या प्रश्नाआधी एक काम करावे. हे वाचताच घराच्या मुख्य पॅनेलमधील त्या सर्किटचा ब्रेकर बंद करावा, आणि त्यानंतरच कॉर्डचे घराकडचे टोक सॉकेटमधून काढावे. ब्रेकर बंद होईपर्यंत ट्रेलरच्या पत्र्याला, पायरीला, जॅकला किंवा हिचला (गाडीला जोडण्याच्या सांध्याला) कोणीही हात लावू नये. ट्रेलर गाडीला जोडलेला असेल, तर हिच आणि सात पिनांचा कनेक्टर यांतून दोन्ही चॅसी एकमेकींना जोडल्या जातात. म्हणून गाडीच्या दारालाही स्पर्श करू नये. ट्रेलरच्या आत कोणी असेल तर त्याला वीजपुरवठा बंद होईपर्यंत आतच थांबायला सांगावे. आतील माणसाच्या भोवतीचे सर्व धातू एकाच व्होल्टेजवर असल्यामुळे त्याला सहसा काही जाणवत नाही. एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात कडीवर, अशा स्थितीत उतरणारा माणूस खऱ्या धोक्यात असतो.

झिणझिण्या सौम्य होत्या म्हणून व्होल्टेज कमी होते, असा निष्कर्ष काढू नये. आपल्याला किती झटका बसला हे त्या क्षणी पायात कोणते बूट होते, जमीन किती ओली होती आणि हाताची त्वचा किती कोरडी होती यांवर ठरले. तेच दार, तेच व्होल्टेज. पण आपल्या मुलीच्या अनवाणी, ओल्या पायांनी वाट मोकळी करून दिली. शरीराचा रोध ओल्या अवस्थेत सुमारे १,००० ओमपर्यंत खाली येऊ शकतो, आणि १२० व्होल्टचा पूर्ण दाब असेल तर १२० मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. साधारण १ मिलिअँपिअर प्रवाह माणसाला नुसता जाणवतो. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक चार्ल्स डालझील यांच्या प्रयोगांत, धरलेली तार सोडता येण्याची मर्यादा पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये सरासरी १०.५ मिलिअँपिअर आढळली होती. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ सुटत नाही. प्रवाह छातीतून गेला तर १०० मिलिअँपिअरच्या आसपासचा प्रवाह काही सेकंदांत हृदयाचा ठोका विस्कळीत करू शकतो. त्याच डालझील यांनी १९६१ मध्ये ज्या उपकरणाचा शोध लावला, ते आज जीएफसीआय म्हणून आपल्या गॅरेजमध्ये बसलेले आहे. ते ४ ते ६ मिलिअँपिअरच्या गळतीवर पुरवठा तोडते. आपल्या गॅरेजमधले उपकरण बिघडलेले नसून आपले काम नीट करत असावे, असे मला आपल्या वर्णनावरून वाटते.

पत्र्याला वीज येण्यासाठी सहसा दोन दोष एकाच वेळी असावे लागतात. पहिला म्हणजे हॉट वायरमधून (दाब घेऊन येणाऱ्या जिवंत तारेतून) चॅसीकडे होणारी गळती. दुसरा म्हणजे चॅसीपासून घराच्या पॅनेलपर्यंत जाणारी ग्राउंड तार कोठेतरी तुटलेली असणे. ग्राउंड तार शाबूत असेल तर लहान गळती निमूटपणे तिच्यातून परत जाते आणि मोठी गळती झाली तर ब्रेकर पडतो. दोन्ही प्रसंगी पत्र्याचे व्होल्टेज वर राहत नाही. जीएफसीआयने आपल्याला पहिल्या दोषाची खबर दिली होती. सॉकेट बदलल्याने ती खबर देणारा बाजूला झाला, आणि नव्या मार्गावर बहुधा ग्राउंडच नसल्याने दुसरा दोषही येऊन मिळाला. पत्र्याला वीज आली ती बहुधा या दोन्हींमुळे.

गळती सर्व प्रकारांत सारखीच घातक नसते, हेही सांगितले पाहिजे. कन्व्हर्टर (१२० व्होल्टपासून १२ व्होल्ट बनवणारे उपकरण), टीव्ही, मायक्रोवेव्ह यांच्या फिल्टरमधील लहान कपॅसिटर हॉट आणि न्यूट्रल (प्रवाहाची नेहमीची परतीची तार) या दोहोंपासून चॅसीला जोडलेले असतात. ग्राउंड तुटलेले असेल तर त्यांच्यामुळे पत्रा साधारण अर्ध्या दाबावर, म्हणजे ६० व्होल्टच्या आसपास तरंगतो. परंतु त्यातून मिळणारा प्रवाह फार थोडा असतो. याउलट पाणी तापवणाऱ्या टाकीचे किंवा फ्रिजचे हीटिंग एलिमेंट फुटले असेल, भिंतीतील केबलमध्ये स्क्रू घुसला असेल किंवा जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरले असेल, तर त्याच पत्र्यामागे पूर्ण सर्किटचे बळ उभे राहते. हाताला लागणाऱ्या झिणझिण्यांवरून या दोहोंतील फरक कळत नाही. आज कपॅसिटरच्या गळतीमुळे नुसती मुंगी आणणारा ट्रेलर उद्या एखादे एलिमेंट फुटताच जीवघेणा होऊ शकतो, कारण ग्राउंड आधीपासूनच गेलेले असते.

आता रॉडविषयी. आपल्या वडिलांचा अनुभव खोटा नाही. तो वेगळ्या पुरवठा पद्धतीतला आहे. भारतात पुष्कळ ठिकाणी ग्राहकाचे अर्थिंग स्वतःचे असते. घराजवळ खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून इलेक्ट्रोड पुरला जातो आणि दोषप्रवाह मातीतूनच ट्रान्स्फॉर्मरकडे परत जातो. मातीतून जाणारा प्रवाह तुटपुंजा असल्याने तेथेही केवळ खड्ड्यावर भरवसा न ठेवता ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) बसवावी लागते. अमेरिकेत व्यवस्था निराळी आहे. येथे घराच्या मुख्य पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड एकत्र बांधलेले असतात, आणि दोषप्रवाहाने तांब्याच्या तारेतून त्या जोडापर्यंत परत यावे अशी अपेक्षा असते. जमिनीत ठोकलेला रॉड प्रामुख्याने आकाशातील विजेसाठी आणि लाइनवरील उच्च दाबाच्या आघातांसाठी असतो. ब्रेकर पाडणे हे त्याचे काम नाही.

आकडे मांडले की हे उघड होते. नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये (अमेरिकेतील वायरिंगच्या नियमावलीत) एकट्या रॉडसाठी २५ ओमची मर्यादा सांगितलेली आहे. रोध त्याहून अधिक असेल तर दुसरा इलेक्ट्रोड जोडावा लागतो. आपण ठोकलेला रॉड बरोबर २५ ओमचा निघाला असे धरू. हॉट वायर थेट चॅसीला टेकली, तर १२० भागिले २५ म्हणजे फार तर ४.८ अँपिअर प्रवाह मातीत जाईल. २० अँपिअरच्या ब्रेकरच्या दृष्टीने हा एखाद्या लहानशा उपकरणाचा भार आहे. ब्रेकर कधीच पडणार नाही. पुरवठ्याच्या बाजूचा न्यूट्रल अनेक ठिकाणी जमिनीला जोडलेला असल्यामुळे तिकडचा रोध अगदी कमी असतो, त्यामुळे जवळजवळ सगळा दाब आपल्या रॉडभोवतीच्या मातीवरच पडेल. म्हणजे रॉड असूनही पत्रा आणि काही फुटांवरील ओली जमीन यांच्यात १०० व्होल्टहून अधिक फरक राहू शकतो, आणि तो कितीही तास टिकू शकतो. आता हाच दोष शाबूत ग्राउंड तार असताना झाला असे समजा. संपूर्ण वळशाचा रोध अर्धा ओम असला तरी २४० अँपिअर प्रवाह वाहील आणि ब्रेकर डोळ्याचे पाते लवण्याआधी पडेल. म्हणूनच कोडच्या २५०.५४ या कलमात जादा रॉड ठोकण्यास मुभा दिली आहे, परंतु दोषप्रवाहाची परतीची वाट म्हणून जमिनीचा वापर करू नये असे स्पष्ट बजावले आहे. रॉड ठोकल्याने झिणझिण्या कदाचित कमी होतील, विशेषतः गळती कपॅसिटरची असेल तर. आणि मला याच गोष्टीची अधिक भीती वाटते, कारण लक्षण जाईल आणि दोष राहील.

तपासणीची सुरुवात त्या जुन्या सॉकेटपासून आणि कॉर्डपासून करावी. १९६० च्या दशकापूर्वी बांधलेल्या अनेक घरांतील वायरिंगमध्ये ग्राउंड तारच नाही. नंतर कोणीतरी तीन छिद्रांचे नवे सॉकेट बसवलेले असते, पण त्याचे तिसरे छिद्र कोठेच जोडलेले नसते. कधी तीन पिनांना दोन पिनांत बदलणारा अ‍ॅडॅप्टर वापरलेला असतो, तर कधी कॉर्डची ग्राउंड पिन कापलेली किंवा जळालेली असते. यापेक्षाही वाईट प्रकार म्हणजे सॉकेटच्या मागेच न्यूट्रल आणि ग्राउंड यांच्यात टाकलेला छोटा जंपर, म्हणजे दोहोंना जोडणारा तारेचा तुकडा. त्यातच कोणी हॉट आणि न्यूट्रलच्या तारा उलट जोडल्या असतील, तर ग्राउंडचे छिद्र थेट १२० व्होल्टवर येते आणि ट्रेलरचा संपूर्ण सांगाडा जिवंत तार बनतो. अशा वेळी कोणताही ब्रेकर पडत नाही, कारण यंत्रणेच्या दृष्टीने शॉर्ट सर्किट झालेलेच नसते. दुकानात मिळणारा तीन दिव्यांचा प्लग-टेस्टर या ठिकाणी ‘सर्व ठीक’ असे दाखवतो. तो तीन छिद्रांमधील परस्पर फरकच पाहतो, जमिनीशी तुलना करत नाही.

हा दोष पकडण्यासाठी पेनाच्या आकाराचा, स्पर्शाविना व्होल्टेज ओळखणारा टेस्टर वापरावा. साधारण ९० ते १,००० व्होल्ट या टप्प्याचा टेस्टर घ्यावा. त्याहून खूप संवेदनशील टेस्टर जागोजागी वाजत राहतो आणि माणूस त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. आधी एखाद्या निश्चित चालू असलेल्या सॉकेटवर तो वाजतो याची खात्री करावी, मग संशयित सॉकेटच्या ग्राउंड छिद्राजवळ न्यावा. तेथे तो वाजला तर ते सॉकेट वापरातून काढून टाकावे. मल्टिमीटर सफाईने हाताळता येत असेल, तर हॉट ते न्यूट्रल आणि हॉट ते ग्राउंड ही दोन्ही मापे १२० च्या आसपास यायला हवीत. त्यानंतर त्याच सर्किटवर स्पेस हीटर चालू करून न्यूट्रल ते ग्राउंड मोजावे. पॅनेलपासून दूर असलेल्या सॉकेटवर येथे एक-दोन व्होल्ट दिसणे स्वाभाविक आहे. भार असूनही काटेकोर शून्य दिसले, तर मागे जंपर असण्याचा संशय घ्यावा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट उघडून पाहावे.

ट्रेलरमधील गळती शोधणे हे दुसरे काम आहे, आणि त्यासाठी गॅरेजमधील तेच जीएफसीआय सॉकेट आपल्याला मदत करेल. त्या सॉकेटचे ग्राउंड वरीलप्रमाणे तपासून झाल्यावर ट्रेलरच्या पॅनेलमधील मुख्य ब्रेकरसह सर्व ब्रेकर बंद करावेत आणि मगच प्लग जोडावा. काही झाले नाही, तर प्रथम मुख्य आणि नंतर एकेक ब्रेकर चालू करत जावे. ज्या ब्रेकरला जीएफसीआय ट्रिप होईल त्या सर्किटवर गळती आहे. माझ्या अनुभवात जुन्या ट्रेलरमध्ये बहुतेक वेळा पाण्याच्या टाकीचे किंवा फ्रिजचे एलिमेंट दोषी निघते. टाकीत पाणी नसताना वीज चालू केली की एलिमेंट जळते आणि मग त्याच्या आवरणातून गळती सुरू होते. संशयित एलिमेंटच्या दोन्ही तारा काढून ठेवल्यावर ट्रिप होणे थांबले, तर निदान पक्के झाले.

परंतु सर्व ब्रेकर बंद असतानाच जीएफसीआय ट्रिप झाला, तर अर्थ वेगळा आहे. ब्रेकर केवळ हॉट वायर तोडतात, न्यूट्रल तोडत नाहीत. त्यामुळे ट्रेलरमध्ये कोठेतरी न्यूट्रल आणि ग्राउंड एकत्र आलेले असावेत. ट्रेलर वापरलेला आहे, म्हणून ही शक्यता मी गांभीर्याने घेईन. आधीच्या मालकाने पॅनेल बदलताना घरातल्याप्रमाणे बाँडिंगचा (न्यूट्रल आणि ग्राउंड एकत्र जोडणारा) स्क्रू बसवला असेल, तर ती मोठी चूक आहे. कोडचे कलम ५५१ मनोरंजन वाहनांविषयी आहे आणि त्यानुसार ट्रेलरच्या आत न्यूट्रल हा चॅसीपासून आणि ग्राउंडपासून पूर्ण अलग असला पाहिजे. दोहोंचा जोड फक्त वीज जेथून येते तेथे, म्हणजे घराच्या किंवा कँपग्राउंडच्या मुख्य पॅनेलमध्ये असतो. तो ट्रेलरमध्येही असेल, तर परतीचा प्रवाह चॅसीतून आणि ग्राउंड तारेतून वाहू लागतो. आणि कॉर्डमधील न्यूट्रल व ग्राउंड हे दोन्ही निसटले, तर चालू असलेल्या प्रत्येक उपकरणातून हॉट वायरचे व्होल्टेज पत्र्यावर येते. प्लग सगळीकडून काढून, इन्व्हर्टर असल्यास तो बंद करून, प्लगच्या न्यूट्रल आणि ग्राउंड पिनांमध्ये मल्टिमीटर लावावा. तेथे अखंड जोडणी दिसता कामा नये.

त्याच वेळी ग्राउंड पिनेपासून चॅसी, दाराची चौकट, गॅसची नळी आणि पाण्याच्या टाकीचे आवरण यांपर्यंतची जोडणीही मोजावी. ती एका ओमहून कमी असावी. पॅनेलपासून चॅसीकडे जाणारी तांब्याची तार किमान ८ गेजची असते. ती खाली चिखल-पाणी आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेले मीठ यांच्या माऱ्यात असल्यामुळे तिचा टोकाचा बोल्ट गंजतो. बोल्ट सोडवून, धातू घासून, नवा वॉशर घालून घट्ट करणे हे अर्ध्या तासाचे काम आहे आणि ते टाळू नये.

घरी ट्रेलरसाठी कायमचे सॉकेट बसवण्याचा आपला विचार असेल, तर एक धोका अगोदर सांगतो, कारण त्याने अनेक ट्रेलर जळाले आहेत. ३० अँपिअरचे टीटी-३० सॉकेट १२० व्होल्टचे असते : एक हॉट, एक न्यूट्रल, एक ग्राउंड, त्यामागे ३० अँपिअरचा एक-पोल ब्रेकर आणि १० गेजची तांब्याची तार. दिसायला ते कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या जुन्या सॉकेटसारखे असल्याने, ट्रेलरचे काम न केलेला इलेक्ट्रिशियनही कधीकधी त्याला सवयीने २४० व्होल्ट देतो. तसे झाल्यास कन्व्हर्टर, मायक्रोवेव्ह आणि फ्रिजचे नियंत्रण फलक काही क्षणांत जातात. काम झाल्यावर प्लग लावण्यापूर्वी आपल्यासमोर व्होल्टेज मोजून दाखवण्याचा आग्रह धरावा. मोठ्या ट्रेलरच्या ५० अँपिअरच्या सॉकेटला मात्र चार पिना असतात आणि दोन हॉट वायरांमध्ये २४० व्होल्ट असणे योग्यच आहे. तेथे न्यूट्रल तुटला की एका बाजूचे व्होल्टेज खूप वाढते आणि दुसऱ्या बाजूचे पडते.

कँपग्राउंडच्या वीजपुरवठ्याच्या खांबावर १५ आणि २० अँपिअरच्या सॉकेटना जीएफसीआय संरक्षण असते; ३० आणि ५० अँपिअरच्या सॉकेटना ते सहसा नसते. म्हणून तेथे ग्राउंड तार हाच मुख्य आधार उरतो. प्लग लावताना खांबावरचा ब्रेकर बंद ठेवावा, मग तो चालू करावा. त्यानंतर घरातील कोणीही दाराला हात लावण्यापूर्वी, स्वतः जमिनीवर उभे राहून, टेस्टर पुढे धरत पत्र्याजवळ जावे. पत्रा मोठा असल्यामुळे पूर्ण दाब असेल तर टेस्टर हात-दोन हातांवरूनच वाजू लागतो. ट्रेलरच्या आत उभे राहून ही चाचणी करू नये. तेथे टेस्टर आणि आपण दोघेही त्याच व्होल्टेजवर असतो. पत्र्यावर ४०-५० व्होल्टच असतील तर टेस्टर गप्प राहू शकतो, म्हणून थोडीही झिणझिणी जाणवली तर टेस्टरच्या मौनावर विसंबू नये.

यासोबत ईएमएस प्रकारचे संरक्षक उपकरण घ्यावे असे मी आवर्जून सांगेन. निव्वळ सर्ज प्रोटेक्टर त्याला पर्याय नाही. ईएमएस ग्राउंड नसणे, उलटी ध्रुवता (हॉट आणि न्यूट्रलची अदलाबदल), कमी किंवा जास्त व्होल्टेज ओळखून पुरवठा जोडतच नाही. खांबाला लावायचे फिरते उपकरण फक्त खांबाची तपासणी करते. त्यानंतरच्या आपल्या कॉर्डमध्ये ग्राउंड तुटले असेल तर ते त्याला दिसत नाही. ट्रेलरच्या आत, पॅनेलपूर्वी कायमचे बसवलेले उपकरण कॉर्डसुद्धा तपासते, म्हणून मी तेच निवडेन. ‘ग्राउंड नाही’ असा इशारा आला तर जागा बदलून मागावी. उपकरण वळसा घालून टाळू नये.

हाच इशारा लहान इन्व्हर्टर जनरेटरवरही येतो, कारण त्यातील न्यूट्रल मुद्दाम कशालाही न जोडता मोकळा ठेवलेला असतो. त्यासाठी न्यूट्रल आणि ग्राउंड जोडणारा एक खास प्लग जनरेटरच्या दुसऱ्या सॉकेटमध्ये लावतात. तो तेथे योग्य आहे. मात्र त्याच्यावर ठळक अक्षरांत ‘फक्त जनरेटर’ असे लिहून तो जनरेटरच्याच पेटीत ठेवावा. घराच्या किंवा कँपग्राउंडच्या सॉकेटमध्ये गेला तर तो मी वर सांगितलेला जंपरच ठरतो.

कोणाला झटका बसून तो चिकटून राहिला असेल, तर त्याला ओढायला जाऊ नये. खांबावरचा किंवा घरातला ब्रेकर पाडावा, ९११ ला फोन करावा, आणि श्वास व नाडी नसेल तर लगेच सीपीआर सुरू करावा. आपल्या मुलीला जोराचा झटका बसला असल्याने, ती आता ठीक दिसत असली तरी तिला डॉक्टरांना दाखवून घ्यावे.

आपल्या बाबतीत क्रम असा ठेवावा : ती कॉर्ड आणि ते जुने सॉकेट या कामातून कायमचे बाद, मग ट्रेलरची ग्राउंड जोडणी, मग गळतीचा शोध, आणि सर्व ब्रेकर चालू असतानाही गॅरेजचा जीएफसीआय टिकून राहिला की मगच घरच्यांना ट्रेलरमध्ये जाऊ द्यावे. आपल्या वडिलांना सोबत घ्यावे. मल्टिमीटर धरणारा अनुभवी हात येथे उपयोगाचा आहे. ही तपासणी पूर्ण होईपर्यंत ट्रेलर वापरायचाच असेल, तर बाहेरची वीज न जोडताही तो वापरता येतो. दिवे, पाण्याचा पंप आणि हीटरचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतात. फ्रिज आणि गरम पाणी गॅसवर चालण्याची सोय असेल तर तीही वापरावी. १२ व्होल्टच्या या यंत्रणेतून पत्र्याला झटका बसण्याचा धोका नाही.